बिनबोलावलेला वैद्य

पनवेलच्या आमच्या घरी माडीवरच्या खोलीत एक जुना संगणक आहे. वय वर्षे वीस. सुरू केला की आधी पंखा घोंगावतो, मग सावकाश चित्र उमटते. नातवंडे त्याला 'आजोबांचा रेडिओ' म्हणतात. तो मोडीत का काढीत नाही, असे घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून कारण आधीच सांगून टाकतो.

त्यात माझ्या पत्नीने जमविलेल्या ओव्या आहेत. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सुट्टीच्या दिवशी उलवे, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली, चिंचपाडा या गावांतल्या म्हाताऱ्या बायांपाशी जाऊन बसे, त्या म्हणतील ते वहीत उतरून घेई आणि रात्री या संगणकावर टंकीत बसे. पुढे नव्या विमानतळासाठी ती गावे उठली. बायाही एकेक करून गेल्या, आणि एके दिवशी माझी पत्नीही गेली. वह्यांना वाळवी लागली. ओव्या राहिल्या त्या एवढ्या या पेटीत, आणि त्याही जुन्या पद्धतीच्या मराठी टंकात. त्या टंकाचा प्रोग्राम जागेवर असेल तर त्या मराठीत दिसतात. नसेल तर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी!

मागच्या वर्षी एके सकाळी नेमकी तीच खिचडी समोर आली. शेजारच्या मुलाला हाक मारली. तो जरा खाटखूट करून म्हणाला, "आजोबा, व्हायरस-बियरस काही नाही. तुमच्या अँटीव्हायरसने रात्री स्वतःला अपडेट करून घेतलंय, आणि तुमच्या टंकाचाच प्रोग्राम चोर समजून कोंडून ठेवलाय."

कोंडलेला प्रोग्राम त्याने सोडविला. दोन दिवसांनी नवे अपडेट आले आणि तो पुन्हा कोंडला गेला. ते औषध कोणत्या कंपनीचे, हे सांगण्यात हशील नाही. पण ज्या पनवेलीत 1872 साली श्री धूतपापेश्वर या औषधी संस्थेचा पाया पडला, त्या गावच्या माणसाला वैद्य ठाऊक असतो तो बोलावल्यावर येणारा. हा न बोलावता रात्री घरात शिरणारा वैद्य आला कोठून, याचा शोध घ्यावासा वाटला.

शोध घेता घेता मी लाहोरास पोचलो. तेथे 1986 साली बासित व अमजद अल्वी या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा विषाणू रचला. आपल्या सॉफ्टवेअरची चोरटी नक्कल होऊ नये एवढाच हेतू होता, असे त्यांनी पुढे सांगितले. गंमत म्हणजे त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातले होते! रोग फ्लॉपीवरून हिंडत होता, म्हणून उताराही फ्लॉपीवरूनच येई. आपल्याकडे साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकांकडे वळले. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी उतारा लिहिला, आणि त्यांची 1995 साली नोंदलेली कंपनी पुढे क्विक हील या नावाने प्रसिद्ध झाली. त्या काळी नवी फ्लॉपी मिळाली तरी ती घालायची की नाही, हे घरधनी ठरवीत असे.

हा अधिकार आपल्या हातून गेला तो रोगाच्या वेगामुळे. 15 ऑगस्ट 1995 रोजी आपल्या देशात इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले. जी तार घरी ज्ञान आणणार, तीच रोगही आणणार, हे लवकरच कळून चुकले. 25 जानेवारी 2003 रोजी 'स्लॅमर' नावाचा किडा सुटला आणि अवघ्या दहा मिनिटांत, जगात ज्यांना त्याची बाधा होऊ शकत होती, त्यांतल्या नव्वद टक्के यंत्रांत तो शिरला. त्यावरचा उपाय सहा महिने आधीच तयार होता. लोकांनी तो घातला नव्हता, इतकेच. दहा मिनिटांत माणसाला विचारणार कधी आणि तो 'हो' म्हणणार कधी? तेव्हा न विचारता औषध पाजण्याची रीत रूढ झाली. तिच्यामागे लोकांचा आळस होता, हे आपण मान्य केले पाहिजे.

पण जो न विचारता पाजतो, त्याची चूकही घरोघर एकाच वेळी पोचते. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकॅफी या अमेरिकन कंपनीच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाईल विषाणू ठरविली आणि ठिकठिकाणचे संगणक पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होत राहिले. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने सुमारे 85 लाख संगणक आडवे केले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. माझा टंक कोंडला गेला, तो याच जातीच्या चुकीने.

याहून विलक्षण गोष्ट आमच्या उंबरठ्यावर घडली. 27 जून 2017 रोजी युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच हल्लेखोरांनी 'नॉटपेट्या' हा विषाणू दडविला होता. ज्यांनी ते विश्वासाने घेतले, त्यांच्याच घरात तो उतरला. तेथून तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरला, आणि आमच्या शेजारी न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या गेटवे टर्मिनल्सचे काम ठप्प झाले. कंटेनर कोठला, कोणाचा, कोठे जायचा, हे सांगणारी यंत्रेच मुकी झाली. मर्स्कला पुढे सुमारे 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले.

आणि तरीही त्याच विषाणूची दुसरी बाजू पाहा. एका यंत्रातून दुसऱ्यात शिरण्यासाठी तो विंडोजमधील ज्या भोकाचा उपयोग करीत होता, ते बुजविणारे अपडेट मार्च 2017 मध्येच निघाले होते. म्हणजे पहिला घाव अपडेट घेणाऱ्यावर झाला आणि पुढचे कित्येक अपडेट न घेणाऱ्यांवर! 'अपडेट घ्यावे की थांबवावे' या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, ते यामुळे.

माझ्या मते खरा प्रश्न वाटेचा आहे. यंत्राला जगाची वाट उघडी ठेवायची असेल, तर वैद्याला दार बंद करता येणार नाही. आणि वैद्याला रोखायचे असेल, तर आधी ती वाट मोडली पाहिजे. एक्सपीची देखभाल तिच्या कर्त्यांनी 8 एप्रिल 2014 रोजीच थांबविली आहे. अशा यंत्रावर नुसते अपडेट बंद करून इंटरनेट चालू ठेवणे म्हणजे वैद्याला हाकलून साथीच्या गावात राहणे.

तेव्हा शेजारच्या मुलाच्या मदतीने मी एवढे केले. प्रथम इंटरनेटची तार काढली आणि ती गुंडाळून कपाटात ठेवली. मग अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप अपडेट होणे बंद केले. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. नव्या विषाणूंची ओळख सांगणारी यादी वेगळी आणि सबंध प्रोग्रामची नवी आवृत्ती वेगळी. जुने यंत्र धापा टाकू लागते ते बहुधा दुसरीमुळे. तिसरे म्हणजे टंकाचा प्रोग्राम 'अपवाद' म्हणून नोंदविला, म्हणजे त्याला कोणी हात लावणार नाही. पेन ड्राइव्ह लावायचा तो आधी खाली मुलाच्या नव्या संगणकावर तपासून. त्या संगणकाची अपडेट मात्र मी कधी अडवीत नाही. तो बाजारात हिंडणारा आहे.

सर्वांत महत्त्वाचे काम शेवटी केले आणि ते खरे म्हणजे पहिले करावयाचे होते. ओव्यांच्या तीन प्रती काढून तीन ठिकाणी ठेवल्या. आता रोज दुपारी एकेक ओवी नव्या युनिकोड लिपीत उतरवून, मूळ ओवीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. जोडाक्षरे फार दगा देतात. काही आगरी शब्द मला अडतात, आणि ते कोणाला विचारावे असा प्रश्न पडतो. पत्नीने कंसात अर्थ दिला असला की सुटल्यासारखे वाटते.

संगणक सुरू केला की कोपऱ्यात तांबडी खूण उमटते : आपले संरक्षण जुने झाले आहे. मी ती खूण बाजूला सारतो आणि कालच्या ओवीच्या पुढची ओवी उघडतो.