सातबारा, शंकेखोर मामा आणि माझ्या कपाळावरचा निळा स्टिकर

तर झालं असं की दोन आठवड्यांपूर्वी आमच्या ऑफिसात एक वर्कशॉप झालं. एका जुन्या सिस्टीमचा डेटा नव्या सिस्टीममध्ये न्यायचा दीड वर्षाचा प्रोजेक्ट सुरू होतोय, त्याची ही पूर्वतयारी. एचआरने सगळ्यांना चाळीस प्रश्नांचा कागद दिला. 'तुम्हाला पार्टीत नवीन लोकांशी बोलायला आवडतं का?' छापाचे प्रश्न. त्यावरून प्रत्येकाला एक रंग मिळाला. लाल म्हणजे धडाकेबाज, पिवळा म्हणजे बोलका, हिरवा म्हणजे सांभाळून घेणारा आणि निळा म्हणजे काटेकोर, शंकेखोर. मला अर्थातच निळा :)

इथपर्यंत गंमत होती. पण चहानंतर ठरलं की प्रोजेक्टच्या मुख्य टीममध्ये लाल आणि पिवळे जास्त असावेत, कारण 'बदलाला ऊर्जा लागते'. आणि आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी, जुनी सिस्टीम ज्यांनी वीस वर्षं सांभाळली, ते गडद निळे निघाल्यामुळे त्यांना 'सल्लागार' करावं. सल्लागार म्हणजे काय हे नोकरी करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. ह्यावर टीम लीड्सनी सोमवारपर्यंत आपलं मत कळवायचं आहे. त्यात मीही आलो.

मधल्या शनिवार-रविवारी घरी यवतमाळला गेलो होतो, आणि तिथून मामाकडे. मामा पटवारी होते. (पुण्याकडच्या मंडळींसाठी: तुमचा तलाठी तो आमच्याकडचा पटवारी. कागदावर काहीही लिहा, गावात पटवारीच म्हणतात.) मामाकडे बसल्यावर लक्षात आलं, की आम्ही ज्याला मोठ्या तोंडाने 'ट्रान्सफॉर्मेशन' म्हणतोय ते ह्या जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात होऊन गेलंय, आणि आमच्या प्रोजेक्टपेक्षा कितीतरी मोठं.

थोडा इतिहास सांगतो, कंटाळा करू नका.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. शेजारच्या नागपूर भागात मालगुजारी होती, पण वऱ्हाडात इंग्रजांनी रयतवारी आणली आणि १८६० च्या दशकात मुंबई पद्धतीने शेतांची मोजणी सुरू केली. म्हणजे शेतकरी आणि सरकार ह्यांच्यामध्ये जमीनदार नाही. मध्ये फक्त एक कागद, आणि तो लिहिणारा पटवारी. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव 'वून', म्हणजे वणी, असं होतं. १९०५ साली ते यवतमाळ झालं. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात, मग १९६० पासून महाराष्ट्रात. मग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली, १९६६ सालची, ती १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. शेत तेच, बांध तोच, पण वरचं सरकार आणि त्याचे नियम बदलत गेले. म्हणजे कॉम्प्युटर यायच्या आधीही पटवाऱ्याने दोन-तीनदा 'मायग्रेशन' केलं होतं, टाक आणि दौत घेऊन!

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये पीक कोणतं. त्याच्या मागे नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही. विक्री, वारस, वाटणी, जे काही घडेल ते आधी फेरफारात आणि मग सातबाऱ्यावर. आपल्या भाषेत सांगायचं तर फेरफार म्हणजे ट्रान्झॅक्शन लॉग आणि सातबारा म्हणजे करंट स्टेट. ज्याने कुणी ही पद्धत बसवली त्याला डेटाबेस चांगला कळत होता.

कॉम्प्युटर ह्यात कधी शिरला? केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत जमिनीच्या नोंदी कॉम्प्युटरवर आणायचा प्रयोग सुरू केला. त्यात महाराष्ट्रातला जिल्हा होता वर्धा. म्हणजे आमचा शेजारी! पुढे ते राज्यभर पसरलं. हाताने लिहिलेले सातबारे टाईप झाले, मग ई-फेरफार आला, आणि १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. आज पंधरा रुपये भरून मी हिंजवडीत बसून आमच्या शेताचा सातबारा काढू शकतो. पूर्वी ह्याच कागदासाठी माझ्या आजोबांनी पटवाऱ्याच्या घरी किती चकरा मारल्या असतील, देव जाणे.

आता स्वभावांकडे येतो.

माणसांना प्रकारांत बसवायची हौस जुनी आहे. कार्ल युंगने १९२१ साली ह्या विषयावर जाडजूड पुस्तक लिहिलं. ते वाचून अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स ह्यांनी सोळा प्रकारांची प्रसिद्ध चाचणी तयार केली. दोघी मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. कॅथरीन तर शेतीचा अभ्यासक्रम शिकलेली! ह्या चाचणीवरचा नेहमीचा आक्षेप असा की काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. म्हणजे माझा निळा स्टिकर पुढच्या महिन्यात हिरवाही होऊ शकतो.

दुसरं पुस्तक आपल्या विषयाच्या जास्त जवळचं आहे. एव्हरेट रॉजर्सने १९६२ साली नवीन गोष्टी समाजात कशा पसरतात ह्यावर लिहिलं आणि लोकांचे पाच गट केले. अगदी पहिले अडीच टक्के, मग साडेतेरा, मग चौतीस, पुन्हा चौतीस, आणि शेवटचे सोळा टक्के म्हणजे 'मागे राहिलेले'. त्याच्या मांडणीचा एक मोठा आधार होता अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला मक्याच्या संकरित बियाण्याचा अभ्यास. रायन आणि ग्रॉस ह्या दोघांनी तो १९४३ साली छापला. २५९ शेतकरी, आणि त्यातल्या दोघांनी सोडून सगळ्यांनी १९४१ पर्यंत ते बियाणं घेतलं होतं. सगळ्या मॅनेजमेंटच्या स्लाईड्सवर जी घंटेसारखी रेघ असते ना, तिची मुळं अशी मक्याच्या शेतात आहेत.

त्या रेघेची गोम अशी की तिच्यात नवीन गोष्ट चांगलीच आहे हे आधीच धरलेलं असतं. मग जो थांबला तो मागासलेला. त्याने का थांबावं ह्याचं उत्तर कुणी मागत नाही.

आता मामाची गोष्ट.

मामा २००९ मध्ये रिटायर झाले. शेवटच्या वर्षांत ऑफिसात कॉम्प्युटर होता, मामांनी त्याला हात लावला नाही. खोटं कशाला बोलू, त्यांच्या ह्या हट्टाचा त्रास बाकीच्यांना झाला. त्यांचं काम ज्युनियर पोरं करायची. आणि हाताने लिहिलेल्या कागदात पटवाऱ्याचा रुबाब होता हेही खरं. कागद एकाच्या बस्त्यात असला की सगळं गाव त्याच्या दारात. मशीनने तो रुबाब घालवला ते चांगलंच झालं, हे मी मामांच्या तोंडावर म्हणतो आणि शिव्या खातो.

टायपिंगचं काम मात्र घाईत झालं होतं. जुनं अक्षर, फाटलेली पानं, आडनावं तीन प्रकारे लिहिलेली. म्हणून २०१७ सालच्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन झालं. गावच्या चावडीवर लोकांना बोलवायचं, कॉम्प्युटरमधला सातबारा मोठ्याने वाचायचा, आणि चूक असेल त्याने उठून सांगायचं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उडालोच. हे तर यूएटी! फरक एवढाच की आमच्या यूएटीला चार जण असतात आणि त्यातले दोन मोबाईल बघत असतात.

आमच्या आजोळच्या गावी वाचन झालं तेव्हा मामा मुद्दाम गेले, घरचा जुना हस्तलिखित उतारा पिशवीत घालून. आजोबांच्या शेताचा नंबर आला. आजोबा गेल्यावर वारस फेरफाराने तीन नावं लागली होती. मामा, माझी आई आणि मावशी. कॉम्प्युटरमधून वाचलं गेलं एकच नाव. मामांचं.

गावात कुणालाच त्यात खटकलं नाही. बहिणी बहुतेक हक्कसोड करून देतातच, असं सगळे धरून चालतात. मामा गप्प बसले असते तर सात एकर कोरडवाहू, पण विहीर असलेली जमीन एकट्याच्या नावावर राहिली असती. आईला कळलंही नसतं. तिने आयुष्यात कधी सातबारा मागितला नव्हता.

मामा उठले आणि म्हणाले, "माह्याच एकट्याचं नाव हाय. बाकीचे दोन नावं कुठं गेले? माह्या बहिणी मेल्या नाहीत ना बाप्पा!"

चावडीवर हशा झाला म्हणे. पण तिथल्या तरुण तलाठ्याने हसण्यावारी नेलं नाही. त्याने नोंद घेतली, मूळ फेरफार शोधून काढला, आणि पुढे दुरुस्ती झाली. (संहितेचं कलम १५५ लेखनातल्या चुकांच्या दुरुस्तीसाठीच आहे.) आज डिजिटल सातबाऱ्यावर तीन नावं आहेत. मी तीन वेळा काढून बघितला.

आता ह्यात कोण कोण होतं बघा. सगळं गाव ऑनलाईन करू म्हणणारे धडाकेबाज लोक वर होते, त्यांच्याशिवाय हे सुरूच झालं नसतं. दवंडी देऊन, घरोघरी जाऊन लोकांना चावडीवर आणणारा कोतवाल होता, म्हणजे आमचा पिवळा रंग. तो नसता तर चार टाळकी जमली असती. तरुण तलाठी होता, काटेकोर, आणि मशीनशीही जमवून घेणारा. आणि मशीनवर अजिबात विश्वास नसलेले मामा होते. रॉजर्सच्या हिशोबात शेवटच्या सोळा टक्क्यांतले. जुना कागद पिशवीत कोण जपून ठेवतो? ज्याचा नव्यावर विश्वास नाही तोच.

चावडी वाचनाचं मोठेपण मला ह्यात वाटतं की तिथे शंकेला बोलायची ठरलेली जागा आणि ठरलेला दिवस होता. तीच शंका मामा २००८ मध्ये ऑफिसात काढायचे तेव्हा ती अडवणूक होती. माणूस तोच, स्वभाव तोच. फक्त तो कधी आणि कुठे बोलला एवढाच फरक.

आणि हे काम संपलेलं नाही. २०२५ साली राज्यात 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली, कारण मेलेल्या खातेदारांची नावं उताऱ्यावर तशीच होती आणि वारस खोळंबले होते. कर्ज, नुकसानभरपाई, सगळं नावावर मिळतं. आमच्या जिल्ह्यात नाव नसण्याची किंमत काय असते हे वेगळं सांगायची गरज नाही.

मी मामांना विचारलं, "मामा, तुम्ही तेव्हाच कॉम्प्युटर शिकला असता तर?"

म्हणाले, "मशीन खोटं नाही बोलत बे. पन तिच्या पोटात कोनं काय घातलं हे तिले थोडीच माईत रायते."

ह्यावर मामींनी आतून आवाज दिला की आता हेच मोबाईलवर दिवसभर व्हॉट्सअ‍ॅप बघतात. असो.

काल रात्री परतीच्या बसमध्ये मी मत लिहून पाठवलं, सोमवारची वाट न बघता. लिहिलं की आमच्या त्या सहकाऱ्यांना सल्लागार करू नका, डेटा तपासायचं काम पूर्णपणे त्यांच्या हातात द्या, आणि त्यांनी 'नाही' म्हटलं तर पुढे जायचं नाही असा नियम करा. सुरुवातीच्या बैठकांना ते नसले तरी चालेल, तिथे लाल-पिवळ्यांनाच बसू द्या. उत्तर अजून आलेलं नाही. बहुतेक 'थँक्स फॉर युअर इनपुट' येईल.

आल्यावर आईला फोन केला आणि सहज विचारलं की तू हक्कसोड करणार आहेस का? म्हणाली, "बघीन. पण ते मी ठरवीन ना, टाईप करणाऱ्यानं कशाला?"

निळा रंग कुठून आलाय ते कळलं.