अंबाजोगाई–बीड परिसरातील मध्ययुगीन मराठी काव्यप्रकार : ओवी, पद आणि श्लोक

काव्याचे महाकाव्य, खंडकाव्य, भावकाव्य असे वर्गीकरण पाठ्यपुस्तकांतून केले जाते. हे वर्गीकरण मध्ययुगीन मराठी कवितेला पूर्णतः लागू पडत नाही. त्या कवितेतील भेद रचनेबरोबरच तिच्या प्रयोजनावरही अवलंबून होते. बीड जिल्ह्यातील तीन कवींच्या आधारे हा भेद स्पष्ट करता येतो.

मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' परंपरेनुसार शके १११० (इ. स. ११८८) चा मानला जातो. ग्रंथाचा काळ व स्थळ यांविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईस दाखविली जाते. हा वेदान्तपर ग्रंथ ओवीबद्ध आहे. ग्रंथात्मक ओवीचे पहिले तीन चरण सयमक, तर चौथा आखूड व यमकरहित असतो. चरणांतील अक्षरसंख्या लवचिक असल्याने गद्याप्रमाणे तर्क मांडणे ओवीत शक्य होते. म्हणूनच निरूपणासाठी तिची निवड झाली. मोठ्या अभंगात मात्र सहा, सहा, सहा व चार अशी अक्षरसंख्या ठरलेली असून दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक असते.

दासोपंत (१५५१–१६१५) यांनी अंबाजोगाईस दोन्ही वाटा चोखाळल्या. 'गीतार्णव' ही गीतेवरील विस्तृत ओवीबद्ध टीका होय; 'पदार्णवा'तील रचना गेय आहे. पदात ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते आणि राग-तालाला महत्त्व असते. ओवीत विचार पुढे सरकतो, तर पदात भाव एका ओळीभोवती फिरतो. पंचीकरणाचा विषय त्यांनी सुमारे ४० फूट लांब कापडावर लिहिला. ती 'पासोडी' म्हणून प्रसिद्ध आहे.

सतराव्या शतकातील विठ्ठल बीडकर हे पंडित कवी. भानुदत्ताच्या संस्कृत 'रसमंजरी'ला त्यांनी मराठी रूप दिले. पंडिती परंपरेतील श्लोक अक्षरगणवृत्तात असतो. लघु-गुरूंचा क्रम त्यात निश्चित असतो. त्याचा रसिक काव्यशास्त्राचा जाणकार असे.

सारांश, एकाच परिसरात ओवी निरूपणासाठी, पद गायनासाठी आणि श्लोक विद्वद्रंजनासाठी योजला गेला. हे प्रयोजन वगळून केवळ चरण व अक्षरे मोजल्यास काव्यप्रकारांचे अध्यापन निर्जीव ठरते. पासोडीसारख्या साधनांचे जतन म्हणूनच साहित्येतिहासासाठीही आवश्यक आहे. कारण कविता कोठे व कशासाठी लिहिली गेली, याची साक्ष छापील संहितेपेक्षा मूळ वस्तूच अधिक देते.