कानाजवळून गेलेली गोळी

लातूर जिल्ह्यांतील उदगीर हें गांव महाराष्ट्राच्या इतिहासांत एका विजयामुळें प्रसिद्ध आहे. तथापि त्या विजयाचें नांव निघतांच मन पानिपताकडे वळल्याशिवाय राहत नाहीं. कारण या दोन रणांमध्यें पुरतें एक वर्षहि गेलें नाहीं. ज्या सेनापतीनें उदगीरला यश मिळविलें आणि ज्या तोफखान्यानें तेथें निजामाची फळी फोडली, तो सेनापति आणि तो तोफखाना, दोन्ही पानिपतावर नाहींसे झाले.

इ. स. १७६० च्या फेब्रुवारीच्या आरंभीं सदाशिवराव भाऊंनीं सलाबतजंग व निजामअल्ली या बंधूंच्या फौजेस उदगीर-औशाच्या टापूंत कोंडीत धरलें. पूर्वी निजामाच्याच पदरीं असलेला इब्राहीमखान गारदी या वेळीं मराठ्यांकडे होता. त्याच्या कवायती पलटणींनीं व तोफांनीं निजामाचें सैन्य जेरीस आणलें. तहांत सुमारें साठ लक्षांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, विजापूर यांसारखीं स्थळें मराठ्यांना मिळालीं. परंतु या यशाचा आनंद फार दिवस टिकला नाहीं. जानेवारींत यमुनेच्या कांठीं बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याची वार्ता दक्षिणेंत येऊन पोंचली, आणि मार्च महिन्यांत, आजच्या जालना जिल्ह्यांतील परतूर येथून, अबदालीच्या पारिपत्यासाठीं मोठी फौज उत्तरेकडे निघाली. मोहिमेला नांव नानासाहेब पेशव्यांचे ज्येष्ठ पुत्र विश्वासराव यांचें होतें. कारभार भाऊंचा होता. चुलता आणि पुतण्या असे ते बरोबर निघाले.

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर काय झालें, तें मराठी घरांतील मुलांनाहि ठाऊक असतें. सकाळीं गारद्यांनीं रोहिल्यांची दाणादाण उडविली. मध्यभागीं भाऊंनीं अबदालीच्या वजिरावर असा जोराचा हल्ला केला कीं, त्याची फळी हटूं लागली. दुपारीं अठरा वर्षांच्या विश्वासरावांना गोळी लागली व ते पडले. भाऊंनीं त्यांचें शव हत्तीवर घालावयास लावलें, स्वतः हत्तीवरून उतरून घोडा घेतला आणि ते गर्दींत शिरले. लांबून पाहणाऱ्या शिपायांना सेनापतीची अंबारी रिकामी दिसली, आणि ज्या फौजेनें अर्धा दिवस टक्कर दिली होती तिनें पाठ फिरविली.

ती गोळी लागलीच नसती तर? हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला. पण त्यावर विज्ञानकथा रचण्याचें काम डॉ. जयंत नारळीकर यांनीं केलें. १९३८ सालीं कोल्हापुरांत जन्मलेल्या आणि २०२५ सालीं पुण्यांत दिवंगत झालेल्या या खगोलशास्त्रज्ञाच्या ‘गंगाधरपंतांचें पानिपत’ या कथेंत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका ट्रकची धडक बसून भलत्याच जगांत जाऊन पडतात. तेथें मराठे पानिपत जिंकलेले असतात आणि इंग्रजांचें राज्य देशभर पसरलेलेंच नसतें. भांबावलेले गंगाधरपंत ग्रंथालयांत जाऊन याचें मूळ शोधतात, तेव्हां बखरीच्या एका पानावर त्यांना तें सांपडतें: विश्वासरावांवर आलेली गोळी तेथें त्यांच्या कानाजवळून घासून गेली होती. मृत्यूच्या ठिकाणीं फार तर एक ओरखडा! नाजूक प्रसंगीं अतिसूक्ष्म कारणानें घटनांचे प्रवाह दोन दिशांना फुटतात, असें या कथेंतील शास्त्र आहे. नारळीकर २०२१ सालीं नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि त्यानंतरचें संमेलन २०२२ च्या एप्रिलांत उदगीर येथेंच भरलें, हा योगायोग येथें सहज आठवतो.

कथा मनोवेधक आहे. तरी इतिहासाच्या अभ्यासकानें तिची परीक्षा केली पाहिजे. त्या दुपारीं केवळ एक गोळीच मराठ्यांच्या विरुद्ध गेली होती असें नाहीं. गोविंदपंत बुंदेले डिसेंबरांत मारले गेल्यानंतर रसदेची वाट बंद झाली होती. माणसें आणि जनावरें उपाशी होतीं. लढाऊ फौजेबरोबर यात्रेकरू, बायकामुलें व बाजारबुणगे यांचा मोठा लोंढा होता. अबदालीनें ताज्या दमाची फौज राखून ठेविली होती आणि ऐन वेळीं ती पुढें घातली. भाऊंजवळ तशी राखीव तुकडी नव्हती. कानाजवळून गेलेल्या गोळीनें उपाशी घोड्याच्या तोंडीं दाणा पडत नाहीं. म्हणून विश्वासराव वांचते तर जय निश्चित होता, असें म्हणण्याचें धाडस होत नाहीं. मात्र पराभवाची इतकी धूळधाण झाली नसती, असें म्हणण्यास निश्चित जागा आहे.

या ठिकाणीं लातूरच्या शेजारच्या नांदेडकडे पाहणें उद्बोधक ठरेल. पानिपताच्या ५२ वर्षें आधीं, इ. स. १७०८ मध्यें, गुरु गोविंदसिंग गोदावरीच्या कांठीं मुक्कामास असतांना त्यांच्यावर एका पठाणानें शस्त्रानें वार केला. परंपरा अशी सांगते कीं, जखम शिवली गेली, ती भरूनहि येत होती. परंतु एक कठीण धनुष्य ओढतांना टांके उसवले आणि रक्त वाहूं लागलें. ७ आक्टोबर १७०८ रोजीं गुरूंनीं देह ठेविला. भरत आलेली जखम येथें प्राणघातक ठरली. नारळीकरांच्या कथेंतील प्रसंगाची ही उलटी बाजू होय.

तरीहि नांदेडला पंथ मोडला नाहीं. गुरूंनीं आपल्यामागें कोणाकडे पाहावयाचें तें सांगून ठेविलें होतें: यापुढें देहधारी गुरु नाहीं, ग्रंथ हाच गुरु. बंदा बहादूर यांस त्यांनीं पंजाबकडे पाठविलेंच होतें. ज्या मनुष्यावर सर्वांची दृष्टि खिळलेली होती तो गेला. पण अनुयायांपुढें रिकामी अंबारी उभी राहिली नाहीं. पानिपतावर मात्र हजारों शिपायांची हिंमत एका हत्तीवर बसविलेली होती. विश्वासराव व भाऊ दिसेनासे झाल्यावर कोणाचा हुकूम मानावयाचा, हें त्या फौजेस कोणीं सांगितलेलें नव्हतें. जखमेची खोली आणि तिचा परिणाम यांमध्यें ही पूर्वव्यवस्था उभी असते. ती असली तर मृत्यूहि सोसला जातो. ती नसली तर एका गोळीनें सारें रण उधळतें.

याचा पडताळा मराठ्यांच्याच पुढील इतिहासांत मिळतो. त्याच वर्षीं जूनमध्यें पुत्रशोकानें खचलेले नानासाहेब वारले. १७६१ च्या अखेरीस निजामअल्लीनें संधि साधून पुण्याच्या रोखानें चाल केली, आणि उदगीरला गमावलेल्या मुलुखापैकीं बराच परत मिळविला. पण पुण्यास विश्वासरावांचे धाकटे बंधु माधवराव पेशवेपदावर बसले होते. सोळा वर्षांच्या या मुलाच्या पाठीशीं, घरांतील कलह चालू असतांनाहि, पेशव्यांचें दफ्तर, वसूल आणि सरदार होते. १० आगस्ट १७६३ रोजीं बीड जिल्ह्यांत गोदातीरीं राक्षसभुवन येथें मराठ्यांनीं निजामाचा पराभव केला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथें पडला. उदगीरचें यश साडेतीन वर्षांनीं मराठवाड्याच्याच भूमींत पुन्हां हातीं आलें.

म्हणून पानिपतावर फौज मोडली, राज्य मोडलें नाहीं. विश्वासरावांच्या गोळीनें तेवढेंच मोडलें, जेवढें एकट्या विश्वासरावांवर आणि भाऊंवर उभें होतें. गंगाधरपंतांनीं बखरीच्या पानावर गोळीची वाट शोधली, तें कथेला शोभतें. राज्य चालविणाऱ्यांनीं आणि संस्था सांभाळणाऱ्यांनीं मात्र गोळी लागल्यावर अंबारींत कोण बसणार, हें आधींच ठरवून ठेविलें पाहिजे.