पोपट स्वतःची पिसे का उपटतो?

पिंजऱ्याच्या तळाशी पिसांचा सडा दिसला, की ऋतुमानानुसार पिसे झडत असावीत, असा समज होतो. नैसर्गिकरीत्या पिसे झडताना जुन्यांच्या जागी नवी येत राहतात आणि त्वचा उघडी पडत नाही. छाती, पोट व पाय उघडे पडले आणि डोक्यावरची पिसे मात्र शाबूत राहिली, तर पोपट स्वतःच पिसे उपटत असण्याची शक्यता अधिक असते. कारण त्याची चोच डोक्यापर्यंत पोहोचत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार भारतीय जातींचे पोपट पाळण्यास मनाई आहे. त्यामुळे हे विवेचन घरोघरी आढळणाऱ्या परदेशी पोपटांविषयीचे आहे. त्यांपैकी आफ्रिकी राखी पोपट व काकाकुवा यांच्यात ही विकृती विशेष आढळते.

पिसे उपटणे हा खोडकरपणा नसून ते दुखण्याचे लक्षण आहे. म्हणून प्रथम पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. त्वचेचा संसर्ग, परोपजीवी कीटक, यकृताचे विकार, तसेच पिंजऱ्याच्या जस्ताची विषबाधा ही त्यामागील कारणे असू शकतात. केवळ सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पोपटात ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव निर्माण होऊन त्वचा कोरडी पडते. गाजर, लाल भोपळा, पालक, शेवग्याचा पाला हळूहळू आहारात आणावा. अ‍ॅव्होकॅडो व चॉकलेट कधीही देऊ नये.

शारीरिक कारण न आढळल्यास मनाकडे वळावे. राखी पोपट मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील अरण्यांचा रहिवासी. तेथे तो थव्याने राहतो आणि दिवसाचा मोठा भाग अन्नशोधात घालवतो. सदनिकेत, दिवसभर एकट्या पडलेल्या या बुद्धिमान पक्ष्याच्या चोचीला काम उरत नाही. त्यासाठी खाऊ कागदात गुंडाळून किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात दडवून ठेवावा, कुरतडण्यास कडुनिंबाच्या डहाळ्या द्याव्यात. दहा ते बारा तासांची शांत, अंधारी झोप मिळावी. बैठकीतील दूरचित्रवाणीशेजारी ती मिळत नाही. अधूनमधून कोमट पाण्याचा फवारा आणि कोवळे ऊनही उपकारक ठरते. धूम्रपानाच्या धुरापासून त्याला दूर ठेवावे.

पिसे उपटताना पोपटाला रागावू नये. ओरडण्याने त्याचा ताण वाढतो, शिवाय लक्ष वेधण्याची युक्ती सापडल्याने सवय दृढ होते. तो शांत असताना बोलावे, शाबासकी द्यावी. गळपट्टा वैद्यकीय सल्ल्याविना घालू नये. त्याने कारण दूर होत नाही.

सुधारणेस कित्येक आठवडे, प्रसंगी महिने लागतात. मात्र उपाय लांबणीवर टाकू नयेत. त्याच जागेची पिसे वारंवार उपटली गेल्यास त्यांची मुळे कायमची निकामी होतात आणि तेथे पुन्हा पीस उगवत नाही.