नागरांचा रोग

सुधारणा आणि आरोग्य यांची जोडी अभेद्य आहे, असें आपण सामान्यतः गृहीत धरून चालतों. परंतु वरवर क्षुल्लक भासणाऱ्या एका विकाराचा इतिहास या समजुतीस छेद देणारा आहे.

इ. स. १८१९ मध्यें लंडन येथील डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनीं वैद्यमंडळापुढें स्वतःचाच रोग मांडला. दर जून महिन्यांत डोळे चुरचुरावयाचे, शिंकांची सरबत्ती सुटावयाची, श्वास कोंडावयाचा. १८२८ पर्यंत त्यांस असे अवघे २८ रोगी मिळाले. आणि ते सारे मध्यम वा वरिष्ठ वर्गांतील! गोरगरिबांत एकहि निःसंशय उदाहरण त्यांस आढळलें नाहीं.

हें कोडें पुढें हातीं घेतलें तें मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनीं. तेहि याच व्याधीनें पीडित. चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्यांवर हवेंतील परागकण धरून त्यांनीं ते मोजले, स्वतःच्या त्वचेवर चोळून पाहिले, आणि १८७३ च्या ग्रंथांत पराग हेंच रोगाचें कारण होय असें दाखवून दिलें. मग ज्यांच्या नाकातोंडांत पराग सर्वाधिक जातो ते शेतकरीच या रोगापासून मुक्त कसे ? विद्याव्यासंगानें प्रकृति नाजूक होत असावी, अथवा नित्य सहवासानें शरीर परागास सरावत असावें, असे दोन तर्क त्यांनीं केले. लोक खेडीं सोडून शहरांत जातील तसा हा रोग वाढेल, हें त्यांचें भाकीत खरें ठरलें. १९०६ सालीं व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं शरीराच्या बदललेल्या प्रतिक्रियेस ‘अ‍ॅलर्जी’ हें नांव दिलें.

दोष शहराच्या धुरास द्यावा, तर १९९० च्या जर्मन एकीकरणानंतर निराळेंच दिसलें : धुरानें काळवंडलेल्या लाइप्झिगपेक्षां स्वच्छ म्युनिकच्या मुलांतच पराग-ज्वर अधिक ! २०१६ सालीं अमेरिकेंतील आमिश व हटराइट मुलांची तुलना झाली. दोहोंचेहि पूर्वज मध्य युरोपांतले, दोहोंचाहि धंदा शेती. परंतु आमिशांचा गोठा घराशीं लागून, आणि नांगर घोड्यांचा. हटराइटांची शेती मात्र यंत्रांची. आमिश मुलांत दम्याचें प्रमाण सुमारें ५ टक्के, तर हटराइटांत २१ टक्के. एतावता तारक ठरतें तें नुसतें खेडें नव्हे. बालपणींच घडलेला गोठ्याचा, तेथील सूक्ष्म जंतूंचा सहवास.

तथापि घाणीचा गौरव करण्याचें कारण नाहीं. पटकी आणि क्षय यांनीं ओस पाडलेल्या पाळण्यांचा हिशेब शिंकांनीं फिटणारा नव्हे. शिवाय गांवची हवाहि सर्वदा तारक नसते. १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम आढळलेल्या गाजरगवतानें शेतांत राबणाऱ्या कितीतरी लोकांची कातडी सोलवटून काढली. नवख्या परक्या तणापुढें खेड्याचें कवच चाललें नाहीं. रोगजंतूंस दूर ठेवावें, पण माती आणि जनावरें यांच्याशीं मुलांची ओळख तोडूं नये, हा विवेक शहरास साधेल काय, हाच खरा प्रश्न आहे.