सूक्ष्मदर्शकातील प्रतिमेची साक्ष : हस्तरेखाटनापासून डिजिटल कॅमेऱ्यापर्यंत

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डिजिटल कॅमेरा जोडलेला दिसणे ही आता नवलाईची बाब राहिलेली नाही. संगणकाच्या पडद्यावर छेद दिसतो, कळ दाबताच त्याची नोंद होते आणि ती नोंद प्रबंधात समाविष्ट केली जाते. या सोयीबरोबर एक समजही दृढ झाला आहे. पूर्वी माणूस चित्र काढीत असे, म्हणून त्यात चूक वा पक्षपात संभवत असे. आता यंत्र चित्र काढते, म्हणून वस्तू जशी आहे तशीच त्यात उतरते, असा तो समज होय. प्रस्तुत लेखात सूक्ष्मदर्शकातील दृश्य टिपण्याच्या साधनांचा इतिहास या समजाच्या अनुषंगाने तपासण्याचा प्रयत्न केला आहे. साधन बदलले त्या प्रत्येक वेळी वस्तू आणि कागद यांच्यामधून माणसाचा हात निघून गेला असे मानले गेले. प्रत्यक्षात तो हात दुसऱ्या जागी गेला, असे या इतिहासावरून दिसते.

रेखाटन आणि साक्षीदार

रॉबर्ट हूक यांचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ १६६५ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्यातील पिसवेचे घडी उलगडून पाहावे लागणारे मोठे चित्र सर्वपरिचित आहे. त्या चित्राइतकीच ग्रंथाची प्रस्तावनाही महत्त्वाची आहे. सूक्ष्मदर्शकाखाली उंचवटा कोणता व खळगा कोणता, सावली कोणती व काळा डाग कोणता, हे ठरविणे कठीण जाते. माशीचा डोळा एका प्रकाशात भोके पाडलेल्या जाळीसारखा, तर दुसऱ्या प्रकाशात अगदी निराळा दिसतो, अशी कबुली हूक यांनी तेथे दिली आहे. निरनिराळ्या प्रकाशांत व निरनिराळ्या स्थितींत पुनःपुन्हा पाहून खरा आकार निश्चित झाल्यावरच आपण रेखाटन केले, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजेच त्यांचे चित्र एका क्षणाची नोंद नव्हते. अनेक निरीक्षणांती दिलेला तो निर्णय होता.

डेल्फ्ट येथील आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांची अडचण वेगळी होती. त्यांना स्वतःला चित्रे चांगली काढता येत नसत. त्यासाठी ते चित्रकार नेमीत. पाण्यातील अतिसूक्ष्म जीवांविषयीचे त्यांचे पत्र १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेले, तेव्हा त्यावर सहजासहजी विश्वास बसला नाही. लेव्हेनहूक यांनी डेल्फ्टमधील प्रतिष्ठित नागरिकांची साक्षपत्रे पाठविली. अखेर नोव्हेंबर १६७७ मध्ये हूक यांनीच सोसायटीच्या सभासदांसमोर ते जीव सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दाखविले. वाद चित्राने मिटला नाही. नमुना दुसऱ्याच्या भिंगाखाली ठेवल्यावर मिटला. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

रेखाटनाची ही परंपरा आपल्याकडेही थोर होती. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे नाव ‘ग्रेज ॲनाटॉमी’च्या १८५८ च्या पहिल्या आवृत्तीतील चित्रांमुळे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना परिचित असते. त्याच वर्षी ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. सातारा येथेही ते काही वर्षे सिव्हिल सर्जन होते. ज्याला लोक ‘मदुरा पाय’ म्हणत त्या रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव कार्टर यांनी दिले आणि १८७४ मध्ये त्यावरील ग्रंथ रंगीत चित्रफलकांसह प्रसिद्ध केला. मुंबईतील पुनरावर्ती ज्वराच्या रुग्णांच्या रक्तातील सर्पिल जंतूंचा त्यांनी केलेला अभ्यास १८८२ मध्ये ग्रंथरूपाने आला. मुंबईच्या रुग्णालयात सूक्ष्मदर्शकाची नोंद पेन्सिल आणि रंग यांनी होत होती त्याच दशकात युरोपात या पद्धतीवर मोठा आक्षेप घेतला जात होता.

प्रकाशाने काढलेले चित्र

सूक्ष्मदर्शकातील प्रतिमा रासायनिक क्रियेने टिपण्याचा प्रयत्न छायाचित्रणाच्या जन्माइतकाच जुना आहे. टॉमस वेजवुड व हम्फ्री डेव्ही यांनी १८०२ मध्येच सौर सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या पृष्ठभागावर अशा प्रतिमा मिळविल्या होत्या. परंतु त्या स्थिर करण्याचा उपाय त्यांना सापडला नाही. हा उपाय सापडल्यावर पॅरिसचे वैद्य आल्फ्रेद दोने आणि त्यांचे तरुण साहाय्यक लिआँ फूको (पुढे लंबकाच्या प्रयोगामुळे कीर्ती पावलेले) यांनी दागेरोटाइप पद्धतीने रक्तपेशी व शरीरातील इतर द्रवांची छायाचित्रे घेतली. त्यांचा चित्रसंग्रह १८४५ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाचा हात न लागता वस्तूने स्वतःच काढलेले चित्र, अशी त्यामागील भूमिका होती. तथापि दागेरोटाइपची प्रत छापता येत नसे. म्हणून ती चित्रे उत्कीर्णकाने धातूच्या पत्र्यावर हातानेच कोरली आणि मगच ती वाचकांपर्यंत पोहोचली.

रॉबर्ट कॉख हे वोल्श्टाइन या गावी जिल्हा वैद्य असताना त्यांनी १८७७ मध्ये जंतूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली. जंतूंच्या छायाचित्रांचा हा पहिला प्रकाशित संच मानला जातो. रेखाटन करणारा नकळत स्वतःच्या मताकडे झुकतो, तर छायाचित्रावर वाचकाला स्वतंत्रपणे वाद घालता येतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८८१ च्या लेखात तो त्यांनी अधिक जोरकसपणे मांडला. हा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो. परंतु त्या काळातील छायाचित्रणाच्या काचा निळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील होत्या. निळे अभिरंजन केलेले जंतू डोळ्यांना उठून दिसत, पण काचेवर पार्श्वभूमीत विरून जात. म्हणून छायाचित्रासाठी तपकिरी अभिरंजक वापरावा लागे. हात चित्रातून निघाला तो अभिरंजकाच्या बाटलीकडे गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

मज्जापेशींचा प्रसंग याहून बोलका आहे. कामिल्लो गॉल्जी यांनी शोधलेल्या चांदीच्या अभिरंजनाचा उपयोग करूनच सांत्यागो रामोन इ काहाल यांनी आपले निरीक्षण केले. दोघांना १९०६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पद्धत एक असूनही गॉल्जी यांना अखंड जाळे दिसले, तर काहाल यांना स्वतंत्र पेशी दिसल्या. काहाल स्वतः छायाचित्रणाचे जाणकार होते. रंगीत छायाचित्रणावर त्यांनी १९१२ मध्ये ग्रंथ लिहिला. तरीही मज्जापेशींसाठी ते प्रामुख्याने रेखाटनावरच विसंबले. जाड छेदातील पेशीचे तंतू वरखाली अनेक पातळ्यांवर पसरलेले असतात आणि कॅमेरा एका वेळी एकच पातळी स्पष्ट टिपतो, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. भिंग वरखाली करीत पाहिलेले सर्व काही एका कागदावर आणणे त्या काळी हातालाच शक्य होते.

फिल्म, व्हिडिओ आणि चिप

विसाव्या शतकाचा बराचसा काळ ३५ मि.मी. फिल्मच्या कॅमेऱ्याचा होता. त्यातील तांत्रिक प्रगतीविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. तिची एक सवय मात्र नोंदवली पाहिजे. रोलमध्ये छत्तीस चित्रे असत आणि तो धुऊन येईपर्यंत कोणते चित्र जमले हे कळत नसे. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत अर्धाअधिक रोल वाया गेलेला पाहिला आहे. तोवर काचपट्टीवरील ओला छेदही वाळून गेलेला असे. त्यामुळे प्रत्येक चित्रासमोर वस्तुभिंग, फिल्टर, प्रकाशन-काल आणि काचपट्टीचा क्रमांक वहीत लिहून ठेवणे भाग पडे. ही शिस्त प्रामाणिकपणापोटी आली असे म्हणता येणार नाही. ती खर्चापोटी आली होती. परंतु तिच्यामुळे प्रत्येक प्रतिमेला तिची कुळकथा मिळाली.

बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये सीसीडी या चिपची कल्पना मांडली. २००९ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान सूक्ष्मदर्शनात खरी क्रांती झाली ती व्हिडिओ कॅमेऱ्याने. रॉबर्ट डे ॲलन आणि शिन्या इनोउए यांनी १९८१ मध्ये स्वतंत्रपणे असे दाखविले, की व्हिडिओ संकेतातील पार्श्वभूमीचा उजेड वजा करून उरलेला भेद वाढविला, तर सुमारे २५ नॅनोमीटर जाडीची सूक्ष्मनलिका साध्या प्रकाशातही दिसू शकते. प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता सुमारे २०० नॅनोमीटर असल्याने ती पडद्यावर खऱ्या जाडीपेक्षा कितीतरी रुंद दिसते. पण दिसते आणि हलते. नेत्रिकेतून पाहणाऱ्याला जे दिसत नव्हते ते कॅमेऱ्यामुळे दिसले. तोपर्यंत कॅमेरा डोळ्याने पाहिलेले टिपीत असे. यापुढे तो निरीक्षणाचाच भाग झाला.

सामान्य प्रयोगशाळेपर्यंत हे तंत्र पोहोचले ते २००० च्या सुमारास, आणि तेही काहीशा आडवाटेने. सूक्ष्मदर्शकासाठी बनविलेले कॅमेरे महाग होते. निकॉनचे कूलपिक्स ९५० (१९९९) व ९९० (२०००) हे घरगुती वापराचे कॅमेरे त्या कामी अनपेक्षितपणे उपयोगी ठरले. त्यांचे झूम भिंग आतल्या आत सरकत असे, त्यामुळे ते नेत्रिकेवर आदळत नसे. भिंगाच्या तोंडाशी २८ मि.मी. व्यासाचा आटा असल्याने जोडनळी बसविणे सोपे होते. दुसरी जोडणी ‘सी-माउंट’ या नावाने ओळखली जाते. एक इंच व्यासाचा हा आटा मुळात १६ मि.मी. चलच्चित्र कॅमेऱ्यांचा, त्या कॅमेऱ्यांचा वापर जवळजवळ संपला, तरी आटा सूक्ष्मदर्शकांवर टिकून आहे.

या कॅमेऱ्यांच्या पिक्सेलसंख्येविषयी विभागाविभागांतून जी चढाओढ दिसते तिचे थोडे गणित करून पाहावे. वस्तुभिंग ४० पट, न्यूमेरिकल अपर्चर ०.६५ आणि हिरवा प्रकाश ०.५५ मायक्रोमीटर घेतल्यास विभेदनमर्यादा सुमारे ०.५२ मायक्रोमीटर येते. नेत्रिकेचा क्षेत्रांक १८ असल्यास दृष्टिक्षेत्राचा व्यास ०.४५ मि.मी. भरतो. प्रत्येक विभेद्य अंतराला किमान दोन पिक्सेल हवेत, या नियमाने क्षेत्राच्या संपूर्ण रुंदीला सुमारे १,७५० पिक्सेल लागतात. कूलपिक्स ९९० च्या प्रतिमेची रुंदी २,०४८ पिक्सेल होती. म्हणजे या वस्तुभिंगाने जे दिसू शकते ते टिपण्यास वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा तीन मेगापिक्सेलचा कॅमेराही साधारणपणे पुरेसा होता. कमी विवर्धनाच्या भिंगांना अधिक पिक्सेल लागतात, हे खरे. पण बारा मेगापिक्सेलने वस्तुभिंगातील उणीव भरून निघत नाही.

फाइलमध्ये काय नसते

रंगीत चिपमधील प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या एकस्वातील रचनेनुसार निम्मे पिक्सेल हिरवा, पाव तांबडा व पाव निळा रंग मोजतात. उरलेली दोन मूल्ये शेजारच्या पिक्सेलांवरून गणिताने भरली जातात. याचाच अर्थ, अशा प्रतिमेतील रंगमूल्यांपैकी दोनतृतीयांश मोजलेली नसतात, काढलेली असतात. त्यानंतर पांढऱ्या रंगाचे संतुलन, कडांची तीक्ष्णता आणि जेपेग स्वरूपातील संक्षेपण हे निर्णय कॅमेरा स्वतःच घेतो. यात गैर काही नाही. परंतु हात नाहीसा झाला असे मानणाऱ्याने तो कंपनीच्या अभियंत्याच्या टेबलावर गेला आहे, हे विसरू नये.

अधिक गंभीर बाब पुढेच आहे. फाइलसोबत दिनांक, वेळ व प्रकाशन-काल आपोआप नोंदला जातो. परंतु नेत्रिकेवर धरलेल्या कॅमेऱ्याला खाली कोणते वस्तुभिंग आहे, कोणती काचपट्टी आहे, कोणते अभिरंजन केले आहे, यांपैकी काहीच ठाऊक नसते. फिल्मच्या खर्चाने वहीत लिहावयास भाग पाडले होते ते फुकटच्या फाइलने बंद पाडले.

प्रतिमांच्या गैरवापराचा इतिहास डिजिटल युगापासून सुरू होत नाही. एर्न्स्ट हेकेल यांच्या १८६८ च्या ग्रंथात कुत्रा, कोंबडी व कासव यांचे भ्रूण म्हणून एकच लाकडी ठसा तीनदा छापला गेला होता. लुडविग रूटिमायर यांनी ती गोष्ट उघडकीस आणली. जवळपास दीडशे वर्षांनंतर, एलिझाबेथ बिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ ते २०१४ या काळातील २०,६२१ शोधनिबंध तपासले. त्यांपैकी ३.८ टक्के निबंधांत प्रतिमांची संशयास्पद पुनरावृत्ती आढळली; हा अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दरम्यान ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने २००२ पासून स्वीकृत निबंधांतील प्रतिमांची छाननी सुरू केली होती. उजेड वा भेद बदलायचा तर संपूर्ण प्रतिमेवर सारखाच बदलावा, एखादा भाग वेगळा काढून बदलू नये, असा त्यांचा दंडक २००४ मध्ये रॉसनर व यामादा यांच्या लेखातून सर्वत्र पोहोचला.

अशा छाननीतून पुनरावृत्ती सापडते, चिकटवाचिकटवी सापडते. मात्र मुळीच फेरफार न केलेले चित्र त्याखाली लिहिलेल्या वनस्पतीचेच आहे काय, हे त्यातून समजत नाही. आमच्याकडे सादर होणाऱ्या अनेक प्रबंधांत ‘४०० पट’ एवढीच नोंद असते. ती ४० पट वस्तुभिंग व १० पट नेत्रिका यांच्या गुणाकारातून आलेली असते; कॅमेऱ्याची जोडनळी, चिप आणि छापील आकार यांचा तिच्याशी संबंध नसतो, त्यामुळे छापलेल्या चित्रापुरती ती बहुधा चुकीचीच ठरते. त्याऐवजी, एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेल्या स्टेज मायक्रोमीटरचे छायाचित्र प्रत्येक वस्तुभिंगातून त्याच जोडणीने घ्यावे, त्यावरून मापपट्टी तयार करावी, मूळ फाइल संक्षेपण न करता जतन करावी आणि फाइलच्या नावात काचपट्टीचा क्रमांक लिहावा. मुख्य म्हणजे काचपट्टी फेकून देऊ नये. परीक्षकाने मागितल्यास ती कपाटातून काढून पुन्हा भिंगाखाली ठेवता आली पाहिजे.