सा कुणाचा?

नागपुरात गाण्याचा विषय निघाला की वसंतराव देशपांड्यांपर्यंत पोहोचायला दोन वाक्यं पुरतात. त्यांचं बालपण इथलं, सिव्हिल लाइन्समधलं सभागृह त्यांच्या नावाचं आणि 'कट्यार काळजात घुसली' लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकरही नागपूरचेच. १९६७ साली आलेल्या या नाटकात खाँसाहेबांच्या तोंडी एक रागमाला आहे. वसंतराव एका रागातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सहज शिरतात. ऐकताना वाटतं, सगळं बदललं. पण एक गोष्ट तसूभरही हलत नाही. ती म्हणजे सा.

आपल्याला ही सवय इतकी झाली आहे की 'सा' हलतच नसतो असं वाटतं. पण भरताच्या नाट्यशास्त्रात उलटा खेळ आहे. तिथे षड्जग्राम आणि मध्यमग्राम असे दोन ग्राम आहेत आणि प्रत्येकाच्या सात मूर्च्छना, म्हणजे एकूण चौदा. मूर्च्छना म्हणजे सूर तेच ठेवायचे, सुरुवात मात्र वेगळ्या सुरापासून करायची. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हे लगेच कळतं : ॲरे तोच, फक्त रोटेट केलेला. भूपाच्या सुरांमध्ये गंधाराला 'सा' मानून पाहा, मालकंसाचे सूर मिळतात.

पुढे तंबोऱ्याचा अखंड षड्ज आला आणि सगळं गाणं त्याच्याभोवती बांधलं गेलं. १५५० मध्ये रामामात्याने 'स्वरमेलकलानिधी' लिहिला, तेव्हा राग एकाच षड्जावरच्या मेळांत बसवले. विसाव्या शतकात भातखंड्यांचे दहा थाटही तसेच. स्थिर 'सा'ने आपल्याला खूप दिलं. एका सुरापासूनचं अंतर इतकं बारीक ऐकणारे कान त्यातूनच घडले. पण त्याने एक प्रश्नही मागे ठेवला : पुरुष आणि बाई एकत्र गाणार असतील, तर 'सा' कुणाचा?

हा प्रश्न पुस्तकी नाही. पुरुष साधारण काळी एक-दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही आठ जण वाद्यांशिवाय गायचो. पट्टी मुलांची ठरायची. मग मुली एकतर खर्जात पुटपुटायच्या किंवा तारसप्तकात ताणायच्या, आणि ऐकणारे म्हणायचे, "पोरींचा आवाज पोहोचत नाही." आवाज पोहोचत होता, पट्टी चुकीची होती. शेवटी एका मैत्रिणीने सांगितलं, माझं कडवं माझ्या पट्टीत. पण हार्मोनियम नाही, तर नवा 'सा' द्यायचा कुणी? तिने उपाय काढला. मुलांनी ओळ मध्यमावर थांबवून धरायची, तिने तोच सूर 'सा' म्हणून उचलायचा. चाल तीच, पण सगळी वर सरकलेली.

पाश्चात्त्य समूहगानाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे आवाजांचे भाग पाडून प्रत्येकाला त्याच्या आवाक्यातली ओळ दिली. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ मध्ये सुरू केलेलं पथक याच परंपरेतलं. अशा गाण्यात पट्टी बदलली तर सगळे मिळून बदलतात.

आपल्याकडचं उत्तर पंडित जसराज यांनी मूर्च्छनेतूनच शोधलं. त्याला लोक 'जसरंगी' म्हणतात. यात गायक आणि गायिका एकाच वेळी दोन वेगळे राग गातात, आपापल्या षड्जावरून. गायकाचा मध्यम तोच गायिकेचा षड्ज. त्याची काळी एक, तर तिची काळी तीन. समजा तो अभोगी गातोय. सा, रे, कोमल ग, म, ध यांना पट्टीवर आकडे दिले तर ०, २, ३, ५, ९. आता ५ला शून्य माना. उरतात ०, ४, ७, ९, १० : सा, ग, प, ध, कोमल नी. हा झाला कलावती! दोघंही तेच पाच सूर गातायत, पण तिच्या कानात कलावती आहे आणि त्याच्या कानात अभोगी. संजीव अभ्यंकर आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांची जसरंगी ऐका. हेडफोन लावून आधी एकाच्या 'सा'वर लक्ष द्या, मग दुसऱ्याच्या. गाणं तेच, आणि तरी तुमच्या डोक्यात राग बदलतो.

मला यातलं गणित आवडतं, पण त्याहून जास्त आवडते त्यामागची भूमिका. एकत्र गायचं तर कुणीतरी आपली पट्टी सोडायचीच, आणि ती बहुतेक वेळा बाईने, हे आपण गृहीत धरून बसलो होतो. तिला ताणायला न लावता एकत्र गाता येईल, याचा हिशोब मात्र दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात तयार होता. कुणीतरी तो पुन्हा मांडून पाहायचा होता, एवढंच.